रेस्क्यू केलेल्या कुत्र्याचं बिल: पैसे मागायची ही पद्धत आली कुठून

हाडं वर आलेलं, खरजेने केस गेलेलं, पाय मोडलेलं कुत्रं कुणीतरी उचलतं, दवाखान्यात नेतं आणि तासाभरात फोटो, एक्स-रे आणि एस्टिमेट टाकून मदत मागितली जाते. हे इतकं रोजचं झालंय की पहिल्यापासून असंच चालत आलं असणार असं वाटतं. तसं नाहीये. प्राण्यांसाठी संस्था काढून पैसे गोळा करायला लागून 200 वर्षं झाली, पण त्यातली कितीतरी वर्षं तो पैसा कुत्र्यांच्या औषधपाण्याकडे फारसा वळतच नव्हता.

सुरुवातीला पैसा लागला तो कायद्यासाठी. 1822 मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने जनावरांच्या छळाविरुद्ध कायदा केला, त्यात घोडे होते, गुरं-मेंढ्या होत्या, कुत्री नव्हतीच, त्यांना 1835 पर्यंत थांबावं लागलं. आता कायदा झाला तरी छळ करणाऱ्याला पकडणार कोण? म्हणून 1824 मध्ये लंडनच्या एका कॉफी हाउसमध्ये बैठक होऊन आजच्या आरएसपीसीए या प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेची सुरुवात झाली आणि वर्गणीचा पैसा इन्स्पेक्टर नेमायला, केसेस लढायला जायला लागला. आर्थर ब्रूम नावाचे पाद्री यात पुढे होते, त्यांनी पदरचे पैसे घातले, तरी संस्थेवर कर्ज झालं आणि 1826 मध्ये त्या कर्जापायी तेच तुरुंगात गेले. 1822 चा कायदा आणणारे खासदार रिचर्ड मार्टिन आणि संस्थेतलेच ल्युइस गॉम्पर्ट्झ यांनी पैसे उभे करून त्यांना बाहेर काढलं. दवाखान्याची उधारी स्वतःच्या नावावर घेऊन बसलेली रेस्क्यूवाली माणसं मी बघते तेव्हा मला ब्रूम आठवतात, इतक्या वर्षांत ही एक गोष्ट काही बदललेली नाही.

मग आला निवारा. 1860 मध्ये मेरी टील्बी या बाईंनी लंडनमध्ये हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढलं, हेच पुढे 1871 मध्ये लंडनच्याच बॅटरसी भागात गेलं. माणसं उपाशी असताना कुत्र्यांसाठी कसले पैसे मागता, हा प्रश्न त्यांनाही झेलावा लागला, 'द टाइम्स'ने तर जाहीर टिंगल केली. तरी देणगीदार मिळाले. पण तो पैसा म्हणजे जागा, खाणं आणि राखणदार एवढंच, आजारी कुत्र्याला बरं करायचं हे त्यात फारसं बसत नव्हतं. 1884 मध्ये बॅटरसीत क्लोरोफॉर्मची खास खोली बांधली गेली, म्हणजे ज्यांना कुणी न्यायला येणार नाही त्यांना निदान वेदनेशिवाय मरण यावं. वाचताना पोटात कालवतं, पण त्या काळात दयेसाठी दिलेल्या पैशाची झेप तिथपर्यंतच होती आणि ज्यांनी ती खोली बांधली त्यांना मी निर्दयी म्हणणार नाही.

कारण उपचार करणार तरी कोण? पशुवैद्यकाची पहिली शाळा 1761 मध्ये फ्रान्सच्या ल्योंला निघाली ती घोडे आणि गुरांसाठी, शेती आणि सैन्य दोन्ही त्यांच्यावर चालायचं. कुत्र्याला त्या शास्त्रात मानाची जागा मिळाली ती मोटारी येऊन रस्त्यावरचे घोडे कमी झाल्यावर.

माझ्या मते खरं वळण 1917 चं. मारिया डिकिन यांनी लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये एका तळघरात दवाखाना उघडला आणि बाहेर पाटी लावली की आजारी जनावरं आणा, उपचार फुकट. गरीब वस्ती, थोड्याच दिवसांत बाहेर रांगा लागल्या, पुढे चाकांवरचे दवाखानेही निघाले. यातून पीडीएसए ही गरिबांच्या जनावरांवर उपचार करणारी संस्था उभी राहिली. रीतसर शिकलेल्या व्हेट्सनी बराच विरोध केला कारण तिथे उपचार करणारे सगळे पदवीधर नव्हते, आणि तो आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण उपचारांसाठी म्हणूनच पैसे मागायचे आणि लोकांनी द्यायचे, हे तिथे पक्कं झालं.

त्याच सुमाराची अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगाने कुत्री पटापट मरायची, तेव्हा 1923 मध्ये 'द फील्ड' या ब्रिटिश मासिकाने वाचकांकडून संशोधनासाठी फंड उभा केला, लेडलॉ आणि डंकिन या दोन संशोधकांनी काम केलं आणि त्याच दशकात लस आली. आज पिल्लाला डिस्टेंपरची लस टोचतात त्यामागे कुत्री पाळणाऱ्या लोकांची वर्गणी आहे!

जसजसे उपचार वाढले तसतसं बिल वाढलं. 1978 मध्ये पार्वो हा नवाच आजार जगभर पसरला आणि एका पिल्लासाठी वेगळी खोली, दिवसच्या दिवस सलाईन, रात्रीची देखरेख असा खर्च आला. उपाशी कुत्र्याचंही तसंच, लोकांना वाटतं पोटभर घाला की झालं, पण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम खाणं दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो, म्हणून थोडं थोडं खाणं, पुन्हा पुन्हा ब्लड टेस्ट, आणि त्या टेस्टचेही पैसे होतात.

एवढा पैसा 'संस्थेला मदत करा' म्हणून जमत नाही, तो जमतो एका चेहऱ्यासाठी. 2002 मध्ये पॅसिफिकमध्ये आग लागलेल्या टँकरवर एक छोटी कुत्री राहून गेली, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं होतं, तर हवाईच्या ह्युमेन सोसायटीकडे तिला शोधायला जगभरातून पैसे आले आणि ती सापडली. त्यानंतर 2007 मध्ये अमेरिकेत फुटबॉलपटू मायकेल व्हिकच्या डॉगफाइटिंगच्या, म्हणजे कुत्र्यांच्या झुंजी लावल्याच्या केसमध्ये कोर्टाने त्याच्याकडूनच सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर घेतले, त्या कुत्र्यांच्या देखभालीसाठी. अशा केसमधली कुत्री तोवर सरसकट मारली जायची, इथे एकेकाला तपासून बहुतेकांना जगवलं गेलं. छळ करणाऱ्यानेच बिल भरावं हे मला सगळ्यात न्यायाचं वाटतं, पण असं क्वचित होतं, बाकी सगळ्यांसाठी लोकांपुढेच हात पसरावा लागतो.

2010 मध्ये गोफंडमी ही लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायची वेबसाइट आली आणि अशा क्राउडफंडिंगमुळे संस्था नसलेली एकटी व्यक्तीसुद्धा एका कुत्र्यासाठी पैसे उभे करू शकायला लागली. यात जीव वाचले, खूप वाचले. पण गोजिरवाण्या पिल्लाचा फंड रात्रीत भरतो आणि म्हातारं, काळं, चावरं कुत्रं तसंच पडून राहतं, आणि नसबंदी, लसी, जुनी उधारी यांचे तर फोटोच निघत नाहीत. फसवणूकही वाढली, एकाच जखमी कुत्र्याचा फोटो वेगवेगळ्या नावांनी फिरतो. म्हणून आता जाणती माणसं दवाखान्याच्या लेटरहेडवरचं बिल लावतात, शक्यतो पैसे थेट दवाखान्यातच भरायला सांगतात, आणि उरलेली रक्कम पुढच्या कोणत्या जनावरांवर खर्च होणार हे मागतानाच लिहून टाकतात, म्हणजे त्या म्हाताऱ्या काळ्या कुत्र्याच्या औषधांनाही त्यातून काहीतरी मिळतं.