बोल्ट तोच, हिशेब दोन: बेअरिंग जोड आणि घर्षण जोड

पोलादी बांधकामाच्या ड्रॉइंगवर हे दोन्ही जोड सारखेच दिसतात. गसेट प्लेट (सांध्यावरची जोडपट्टी), तिच्यावर तिरक्या ब्रेसिंगचं, म्हणजे आधाराच्या दांडीचं टोक आणि बोल्टांच्या दोन रांगा. उभारणी झाल्यावर खालून बघणाऱ्यालाही फरक कळत नाही, कारण बोल्ट एम२० (२० मिलिमीटर व्यासाचा), ग्रेड ८.८ आणि भोक २२ मिलिमीटर, हे दोन्हीकडे तेच. तरी एका जोडात चार बोल्ट पुरतात आणि तोच भार दुसऱ्या जोडात सात बोल्ट मागतो. यात गणित कुणाचंच चुकलेलं नसतं. भार पलीकडे जाण्याची वाट वेगळी असते, एवढंच.

बेअरिंग जोडाची वाट सरळ आहे. भोक बोल्टपेक्षा २ मिलिमीटर मोठं असतं, म्हणून भार आला की प्लेट किंचित सरकते आणि भोकाची कड बोल्टच्या दांड्याला टेकते. एक प्लेट इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि मधला बोल्ट कात्रीत सापडल्यासारखा आडवा कापला जाऊ पाहतो. तो आपल्या अंगाने हे अडवतो. इथे नट साध्या पान्याने, एका माणसाच्या पुऱ्या जोराने आवळला आणि प्लेटा एकमेकींना टेकल्या की काम झालं.

घर्षण जोडात बोल्ट शिकंजा होतो. नट इतका आवळायचा की बोल्टच ताणला जातो, आणि त्या ताणाने प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात. सरकण्याला विरोध करतं ते दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. सगळं नीट असेल तर दांड्याला भोकाची कड शिवतही नाही. साइटवर याला एचएसएफजी (हाय स्ट्रेंग्थ फ्रिक्शन ग्रिप) किंवा नुसतं ग्रिप बोल्ट म्हणतात, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते. ‘हाय टेन्साइल बोल्ट आहे, म्हणजे ग्रिप जोड’ असं धरलं जातं. ८.८ हा आकडा फक्त बोल्टच्या पोलादाबद्दल बोलतो: अंतिम ताकद चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन आणि यील्ड, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागण्याची मर्यादा, त्याच्या ०.८ पट. तो बोल्ट किती आवळला हे त्यात कुठेच नाही.

आता आकडे. ब्रेसिंगमध्ये रोजचा ओढ-भार २४० किलोन्यूटन आहे असं समजू. १.५ या गुणकाने डिझाइनचा भार ३६० होतो. बोल्ट कापला जाऊ शकेल अशी पातळी (शिअर-प्रतल) एकच, आणि पद्धत आयएस ८०० ची, म्हणजे पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाची.

बेअरिंगच्या हिशेबात आधी बोल्ट कापला जाईल का ते पाहायचं. आटे शिअरच्या प्रतलात येत असतील तर एम२० चं कामाचं क्षेत्रफळ २४५ चौरस मिलिमीटर. ते ८०० ने गुणून, तीनच्या वर्गमुळाने आणि पुढे १.२५ या सुरक्षा-गुणकाने भागलं की बोल्टमागे साधारण ९० किलोन्यूटन मिळतात. आटे प्रतलाबाहेर ठेवता आले तर पूर्ण दांडा, म्हणजे ३१४ चौरस मिलिमीटर, कामाला येतो आणि तोच बोल्ट ११६ देतो. बोल्टची लांबी निवडताना एवढी ताकद हाती येते किंवा जाते, आणि ती निवड बऱ्याचदा डिझाइन करणाऱ्याच्या हातात नसून खरेदीच्या यादीत असते. म्हणून मी आटे आतच धरतो.

दुसरी तपासणी प्लेटची. बोल्ट टिकला आणि भोकच लांबलं तर काय उपयोग? काठापर्यंत ४० मिलिमीटर, दोन भोकांत ६० आणि ४१० अंतिम ताकदीचं पोलाद असेल, तर १० मिलिमीटरची प्लेट बोल्टमागे सुमारे ९९ किलोन्यूटन पेलते. प्लेट ८ मिलिमीटरची केली की हा आकडा ८० च्या जवळ उतरतो आणि कमकुवत दुवा बोल्टकडून प्लेटकडे जातो. १० मिलिमीटरला कागदावर चार बोल्ट जेमतेम बसतात. प्रत्यक्षात मी पाचवा टाकीन.

घर्षणाच्या हिशेबात ना शिअर येतं ना भोकाची कड. बोल्टमधला ताण अंतिम ताकदीच्या ०.७ पट धरतात. आयएस ८०० आणि युरोकोड (युरोपीय मानक) दोन्हींत हाच गुणक आहे. २४५ गुणिले ८०० गुणिले ०.७, म्हणजे सुमारे १३७ किलोन्यूटनची पकड. ग्रिट ब्लास्टिंग केलेल्या, म्हणजे कणांच्या माऱ्याने खरवडलेल्या पृष्ठभागाला घर्षणांक ०.५. म्हणजे ६८.६, त्याला १.२५ ने भागून बोल्टमागे ५५. ३६० भागिले ५५, म्हणजे सात बोल्ट, आणि दोन सारख्या रांगा हव्यात म्हणून आठ. बोल्टच्या पोलादाची ताकद दोन्हीकडे तीच आहे, पण घर्षण त्यातली सगळी वापरू देत नाही.

या हिशेबात आणखी एक फाटा आहे. जोड कोणत्या भाराला सरकायला नको, रोजच्या की डिझाइनच्या? रोजच्या भाराला सरकू नये एवढीच अट असेल तर भागाकार १.१ ने होतो, बोल्टमागे ६२ मिळतात आणि २४० ला चार बोल्ट पुरतात. अर्थात त्यापुढच्या भाराला हा जोड सरकून बेअरिंगवर येणार, म्हणून ३६० ला शिअर आणि प्लेट तपासावीच लागते. युरोकोडने यासाठी अक्षरंच ठरवली आहेत: ए म्हणजे बेअरिंग, बी म्हणजे रोजच्या भाराला न सरकणारा, सी म्हणजे अंतिम, म्हणजे डिझाइनच्या भारालाही न सरकणारा. दोन डिझाइनरांचे बोल्ट जुळत नाहीत तेव्हा भांडण बहुतेकदा बी आणि सी यांच्यातलं असतं आणि दोघेही ते ‘ग्रिप बोल्ट’ या एकाच नावाखाली लढत असतात.

घर्षण जोडाचं खरं नाजूकपण पृष्ठभागात आहे. तोच जोड काहीही प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागावर उभारला तर घर्षणांक ०.२ धरावा लागतो. बोल्टमागे २२ किलोन्यूटन, आणि सातांच्या जागी सतरा बोल्ट. शेंदरी रेड लेड प्रायमर मारला असेल तर ०.१, म्हणजे तेही निम्मं. रंगारी सगळं पोलाद मन लावून रंगवतो, त्यात जोडाची आतली बाजूही रंगवून टाकतो आणि जोडाची बरीचशी ताकद डब्यातल्या रंगाखाली जाते. बाहेरून जोड आणखी छान दिसतो. बेअरिंग जोडाला या रंगाने काहीच होत नाही.

दुसरं नाजूकपण आवळण्यात. टॉर्क रेंचवर आकडा आला म्हणजे बोल्टमध्ये ताण आला, असं वाटतं. पण लावलेल्या टॉर्कचा सुमारे नव्वद टक्के भाग आट्यांमधलं आणि नटाखालचं घर्षण खाऊन टाकतं. वंगण सुकलं, आट्यांवर गंज आला, की तोच आकडा दाखवून ताण बराच कमी राहतो. म्हणून आधी घट्ट आवळून, खूण करून, मग नट ठरावीक कोनात फिरवण्याची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. मध्यम लांबीच्या, म्हणजे व्यासाच्या चार ते आठ पट बोल्टला हा कोन सहसा अर्धा फेरा असतो. खडूची खूण दुसऱ्या दिवशीही वाचता येते, रेंचचा आकडा येत नाही.

इतका खटाटोप कुठे करायचा? भार उलटसुलट फिरतो तिथे: क्रेन गर्डर, पूल, कंप पावणाऱ्या यंत्रांचे आधार. बेअरिंग जोडात भार दिशा बदलेल तसतसा दांडा भोकात इकडून तिकडे आपटतो, नट सैल होतात आणि भोकाच्या कडेपाशी थकव्याची भेग धरते. मोठी किंवा लांबट भोकं ठेवली असतील आणि भार लांबटपणाच्या दिशेने असेल, तर घर्षणाशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर प्लेट भोकाच्या टोकापर्यंत सरकत जाईल. उलट मजल्याची साधी तुळई कॉलमला टेकवायची असेल, भार कायम खालीच असेल, तर बेअरिंग जोड पुरतो. ‘सगळे बोल्ट एचएसएफजी’ अशी सरसकट नोट मला आळशीपणा वाटते. ब्लास्टिंग, मास्किंग (रंग लागू नये म्हणून झाकणं) आणि आवळण्याची तपासणी यांचा खर्च गरज नसलेल्या शेकडो बोल्टांवर होतो, आणि गरज असलेल्या वीस बोल्टांकडे मग तितकं लक्ष राहत नाही.

जोडावर बोल्टच्या लांबीच्या दिशेने ओढही येत असेल तर फरक आणखी उघड होतो. बाहेरची ओढ प्लेटा एकमेकींपासून सुटवते, म्हणून घर्षणासाठी पकड कमी उरते. युरोकोडमध्ये प्रीलोडमधून, म्हणजे आवळून आणलेल्या ताणातून, ओढीच्या ०.८ पट वजा करतात. बेअरिंगमध्ये ओढ आणि शिअर दोन्ही त्याच दांड्यावर येतात, म्हणून तिथे दोन्हींचा एकत्र हिशेब घेतात. वेल्डशी जोडीनेही असंच. वेल्ड ताठ, बेअरिंग बोल्ट सरकल्याशिवाय भार उचलत नाही, तोवर सगळा भार वेल्डवर. दोघांत भार वाटून घ्यायचा असेल तर सोबतीला घर्षण बोल्टच हवेत, आणि त्यांची शेवटची आवळणी वेल्डिंग झाल्यावर.

घर्षण जोड सरकलाच तर ते ऐकू येतं. ठाण असा आवाज होतो, लोक घाबरतात. पण सरकणं म्हणजे पडणं नव्हे: दांडा कडेला टेकतो आणि जोड बेअरिंग होऊन पुढचा भार घेतो, अर्थात ती तपासणी आधी केलेली असेल तर.

म्हणून ड्रॉइंग हातात आलं की मी ग्रेड शेवटी वाचतो. आधी बघतो की आवळण्याची पद्धत लिहिली आहे का, आतल्या पृष्ठभागाला ब्लास्टिंग सांगितलंय का आणि तिथे रंग मारू नये अशी रेघ ओढली आहे का. तिन्ही नसतील तर डिझाइनरला फोन करतो. तोवर जोड बेअरिंगचा धरतो.