ईसीजी नॉर्मल आला, मग शुगर-लिपिड कशाला?

इंदूरला रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ज्या मराठी घरांत स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरचा रुग्ण आहे, तिथली फाइल उघडली की बहुधा ईसीजीची गुलाबी पट्टी निघते. ‘हार्टचं सगळं केलंय, नॉर्मल आहे,’ घरचे निर्धास्तपणे सांगतात. साखर आणि लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, यांचा रिपोर्ट मागितला तर तो जुना असतो, नाहीतर नसतोच. दोन्ही तपासण्या हृदयासाठीच आहेत खऱ्या, पण एकीचं काम दुसरीने होत नाही.

ईसीजीत दिसते हृदयातली वीज. मानसोपचारात तो काढायचं मुख्य कारण म्हणजे पट्टीवरचं ‘क्यूटी’ हे अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यात हृदयातली वीज उसळून पुन्हा शांत व्हायला लागणारा वेळ. हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोन, नैराश्यावरचं सिटालोप्राम किंवा एस्सिटालोप्राम अशा औषधांनी ते लांबू शकतं. नाडीच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला आकडा ५०० मिलिसेकंदांपुढे गेला, तर ठोके जीवघेणे बिघडण्याची भीती असते. त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलं किंवा घशासाठी कुणी अझिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर धोका आणखी वाढतो. म्हणून साध्या तापासाठी गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातानाही मानसोपचाराची चिठ्ठी सोबत न्यावी.

पण रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साचत जाणारी चरबी या पट्टीवर उमटत नाही. ब्लॉकेज असूनही, स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी अगदी साफ येऊ शकतो.

आणि खरा घात तिथेच होतो. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोकांना वाटतं, आत्महत्येमुळे. प्रत्यक्षात मोठा वाटा हृदयविकारासारख्या, वेळेवर पाहिलं तर टाळता येणाऱ्या आजारांचा आहे. मला हे वाचून स्वस्थ बसवत नाही.

यात या आजारांवरच्या औषधांचाही हात असतो: ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन, साखर आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी सर्वांत जास्त चढतात. क्वेटियापिन, रिस्पेरिडोनने त्याहून कमी, अरिपिप्राझोलने बरंच कमी. घरात ते असं दिसतं: रात्रीची गोळी झाली की तासाभरात स्वयंपाकघरात डबे वाजू लागतात आणि सकाळी पोह्यांवर घालायला शेवच उरलेली नसते. महिनोन्‌महिने ताट परत करणारा मुलगा आता मागून घेतो. आई म्हणते, ‘पोरानं अंग धरलं.’ तिचा आनंद खरा आहे, पण त्याच महिन्यांत वजनकाटा आणि टेप बाहेर निघायला हवी.

मधुमेह आणि मानसोपचाराच्या अमेरिकी संघटनांनी २००४ साली यासाठी वेळापत्रकच दिलं. औषध सुरू करताना वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि लिपिड. वजन पुन्हा ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, पुढे दर ३ महिन्यांनी. बीपी, साखर आणि लिपिड १२ आठवड्यांनी, आणि साखर व बीपी त्यानंतर दरवर्षी. लिपिडही दरवर्षीच करून घ्यावं, असं माझं मत. कंबर घरीच मोजता येते: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, श्वास सोडल्यावर. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८० ही मर्यादा धरतात. पँटच्या मापावर जाऊ नका, पँट पोटाखाली बांधली जाते.

क्लोझापिनवाल्यांच्या घरी एक वेगळाच घोळ होतो. ‘रक्त तर नियमित देतोच की!’ ते रक्त पांढऱ्या पेशींसाठी असतं; साखर, लिपिड वेगळं लिहून घ्यावं लागतं. याच औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, धाप, छातीत दुखणं किंवा खूप जलद नाडी असं काही झालं, तर हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल. तेव्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) त्याच दिवशी हवं. तिथे ‘मनाचंच असेल’ हे उत्तर ऐकून घरी परतू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने या रुग्णांना शारीरिक आजाराच्या रुग्णांइतकाच उपचारांचा हक्क दिला आहे.

आकडे वाईट आले म्हणून गोळ्या मनाने बंद करणं सर्वांत घातक. फिनलंडमधल्या २००९ च्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. डॉक्टर औषध बदलू शकतात, साखरेसाठी मेटफॉर्मिन किंवा चरबीसाठी स्टॅटिन जोडू शकतात. बिडी-सिगारेट सुटायलाच हवी, पण सोडण्याआधी डॉक्टरांना कळवा: धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर संपतं, धूर थांबला की या औषधांची रक्तातली पातळी चढते आणि डोस उतरवावा लागू शकतो.