उजनीचा मृतसाठा आणि सोलापूरचा स्थानिक कारभार : पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील पाण्याच्या वादाची मुळे शोधत १८७१ साली पूर्ण झालेल्या एकरूख तलावापर्यंत किंवा १८७६-७८ च्या दुष्काळापर्यंत मागे जाता येते. पण आजचा प्रश्न घडला तो १९६२ आणि १९८० या दोन वर्षांत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदेचा कारभार सुरू झाला आणि शाळा, दवाखाने व ग्रामीण रस्त्यांबरोबरच लहान पाझर तलाव व बंधारेही लोकनियुक्त सदस्यांच्या अखत्यारीत आले. १९८० मध्ये भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाले, तेव्हा जिल्ह्याची शेती बदलून टाकणारे हे पाणी मात्र राज्याच्या पाटबंधारे खात्याकडेच राहिले.

परतीच्या पावसाच्या ओलीवर पिकणारी मालदांडी ज्वारी आणि तिच्या कडब्यावर पोसलेली जनावरे, ही मंगळवेढा-बार्शीकडची जुनी घडी होती. कालव्याच्या आणि नदीच्या पट्ट्यात तिची जागा उसाने घेतली. सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्याने डाळिंबावर तग धरला, तर एकूण जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखान्यांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. बारा महिने उभ्या राहणाऱ्या पिकाची तहान उन्हाळ्यातही भागवावी लागते, आणि ‘मृतसाठा’, म्हणजे धरणातील नेहमीच्या वापराच्या पातळीखालचे पाणी, या शब्दाचा घोळ तेथूनच सुरू होतो.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा, तर सुमारे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा धरला जातो. धरणाची टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर मोजली जात असल्याने ‘शून्य टक्के’ म्हणताना धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि ‘उणे ५० टक्के’ म्हणजे मृतसाठ्यातील सुमारे २७ टीएमसी उपसले गेलेले असते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा त्याहूनही खाली गेला. जे पाणी दर टंचाईत पिण्यासाठी नदीतून खाली सोडले जाते, त्याला मृत म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर असेल. परंतु या नावामुळे ते कोणाच्या वाट्याचे आहे, हा प्रश्नच मागे पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सोलापूर शहरासाठी भीमेवरील औज बंधारा भरायचा, तर शहर जितके पाणी पिते त्याच्या अनेक पटींनी पाणी भीमेत सोडावे लागते. वाटेत उपसा होऊ नये म्हणून नदीकाठच्या शेतीपंपांची वीज तोडली जाते किंवा तिचे तास कमी केले जातात. वरच्या अंगाला, करमाळा तालुक्यातील जलाशयाच्या काठावर, पाणी जसजसे मागे हटते तसतसे शेतकरी गाळात चर खणतात, मोटार पुढे सरकवतात आणि केबल व पाइपांचा नवा तुकडा जोडतात. काही दिवसांनी पाणी पुन्हा मागे गेले की तेच काम परत करावे लागते, आणि हा सगळा खर्च ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. यांपैकी अनेकांच्या घरच्या जमिनी याच धरणाखाली गेल्या आहेत, हे विसरता येणार नाही.

पाणी कधी व किती सोडायचे हे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील कालवा सल्लागार समितीत ठरते. काठावरची ग्रामपंचायत ठराव करून निवेदन देऊ शकते, पण पाण्याची पाळी (ठरावीक काळासाठी पाणी सोडण्याचे आवर्तन) लांबवण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार तिला नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, तरी मोठ्या धरणाच्या पाण्यावरील निर्णयाचा अधिकार दिला नाही. त्यात २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदेचा कारभारही दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला, आणि ज्या सभागृहात पाण्याच्या पाळीवर निदान जाब तरी विचारता आला असता, ते त्या काळात भरलेच नाही.