परतणाऱ्यांच्या बोटांचे ठसे : जपानमधल्या विरोधाची पार्श्वभूमी

ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी कंपन्यांतून ऑनसाइट म्हणून जपानला गेलेली आणि तिथेच रुळलेली मराठी कुटुंबे तोक्योच्या एदोगावा भागात, निशिकसाईच्या आसपास भेटतात. त्यांतल्या काहींना पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेला आहे. घर तिथे, घराचे कर्ज तिथे, मुलांची शाळा तिथे. तरी दिवाळीला खारघरला किंवा ठाण्याला येऊन गेले की नारिता किंवा हानेदा विमानतळावर सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला दोन्ही तर्जन्या यंत्रावर टेकवाव्या लागतात आणि फोटो द्यावा लागतो. इकडे हे सांगितले की बहुतेक जण म्हणतात, त्यात काय झाले? रेशनच्या दुकानात, सिमकार्ड घेताना, कंपनीच्या गेटवर आपण बोट लावतोच की. जपानमध्ये मात्र याच ठशापायी लोकांनी अटक आणि खटले सोसले आहेत. २००७ साली ठसे पुन्हा सुरू झाले तेव्हा उठलेला संताप त्या आधीच्या गोष्टी माहीत असल्याशिवाय समजत नाही.

सरकारी कामात ठसा वापरण्याची सुरुवात आपल्याच देशातली. १८५८ मध्ये बंगालमधल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाच्या करारावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला आणि १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी उघडली. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधला, सक्तीच्या नोंदणी आणि ठशांविरुद्धचा हिंदी लोकांचा लढा शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातला एक तपशील सहसा सुटतो. १९०८ च्या सुरुवातीला झालेल्या तडजोडीनुसार गांधीजींनी सक्तीविना, आपणहून ठसे द्यायचे मान्य केले. त्यावरून त्यांच्याच बाजूच्या एका संतप्त माणसाने त्यांना रस्त्यात बेदम मारले. सक्तीचा कायदा मागे घेतला जात नाही हे दिसल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली. आपणहून दिलेला ठसा आणि सक्तीने घेतलेला ठसा यांतला फरक तेव्हापासून वादात आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही जखम आणखी जवळची आहे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदलेल्या माणसाचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा होती. पारधी, कैकाडी अशा समाजांनी पोलिसांकडची हजेरी भोगली, सोलापूरच्या सेटलमेंटमधले, म्हणजे त्यांना डांबून ठेवलेल्या सरकारी वसाहतीतले, तारेचे कुंपण भोगले. गुन्हा कुणी केला याच्याशी त्या ठशाचा संबंध नव्हता, कोणत्या घरात जन्म झाला याच्याशी होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला.

त्याच वर्षी, २८ एप्रिलला, जपानने परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा केला. सॅनफ्रान्सिस्कोचा तह त्याच दिवशी अमलात आला. साम्राज्याचे प्रजाजन म्हणून जपानमध्ये राहत असलेले कोरियन आणि तैवानी लोक त्या दिवसापासून परके ठरले. त्यांना कुणी विचारले नाही. ठशांची तरतूद कायद्यात होती, पण विरोधामुळे ती लांबत गेली आणि प्रत्यक्षात १९५५ मध्ये सुरू झाली. नोंदणीचे दप्तर पालिकेच्या कचेरीत असे. डाव्या तर्जनीला काळी शाई लावायची, बोट कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचे, कार्ड सतत जवळ बाळगायचे, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा हेच. जपानमध्येच जन्मलेल्या, जपानीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या मुलांनाही वयाच्या चौदाव्या वर्षी कचेरीत बोलावणे येई. ही वयोमर्यादा १९८२ मध्ये सोळा झाली आणि मुदत पाच वर्षांची झाली.

१९८० मध्ये तोक्योतल्या एका कोरियन रहिवाशाने ठसा द्यायला नकार दिला. सुरुवातीला तो एकटाच होता. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, मोठ्या संख्येने लोकांच्या नोंदणीचे नूतनीकरण एकाच वेळी आले आणि नकार देणाऱ्यांची किंवा ठसा देणे लांबवणाऱ्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली. शिक्षा साधी नव्हती. एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन लाख येनपर्यंत दंड अशी तरतूद होती. त्याहून जाचक होता तो परतीच्या परवान्याचा, म्हणजे परदेशी जाऊन पुन्हा जपानमध्ये येण्याच्या परवानगीचा, नकार. एक तरुण पियानोवादक १९८६ मध्ये असा परवाना न मिळताच शिकायला अमेरिकेला गेली आणि जन्मभूमीत राहण्याचा तिचा कायमचा हक्क गेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही तिला न्याय मिळाला नाही. पुढे कायदा बदलून तो हक्क परत द्यावा लागला.

या लढ्यात पालिकांची भूमिका फार महत्त्वाची होती. ठसे घ्यायचे काम त्यांच्याच कारकुनांच्या माथी होते आणि समोरची माणसे त्यांच्याच गावातली. कावासाकीच्या महापौरांनी १९८५ मध्ये जाहीर केले की नकार देणाऱ्यांविरुद्ध पालिका पोलिसांकडे तक्रार करणार नाही. त्यानंतर केंद्र सरकार पायरी पायरीने नमले. आधी काळी शाई आणि बोट फिरवणे गेले. मग एकदाच ठसा घेण्याचे ठरले. १९८९ मध्ये सम्राटाच्या निधनानंतरच्या माफीत प्रलंबित खटले मिटले, मात्र निर्दोष ठरण्याची संधी गेल्याने काहींनी ही माफीच नाकारली. जानेवारी १९९३ पासून कायमच्या रहिवाशांचे ठसे बंद झाले आणि एप्रिल २००० मध्ये सगळ्याच परदेशी रहिवाशांचे. मध्ये १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की विनाकारण ठसे द्यायला न लावले जाण्याचे स्वातंत्र्य राज्यघटना देते आणि ते परदेशी माणसालाही आहे. त्याच निकालात ठशांचा कायदा मात्र वैध ठरला. पुढच्या काळात दोन्ही बाजू याच निकालाकडे बोट दाखवत राहिल्या.

५ जानेवारी २००४ पासून अमेरिकेने विमानतळांवर परदेशी पाहुण्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. ब्राझीलमधल्या एका न्यायाधीशाने तर त्याआधीच, १ जानेवारीपासून, अमेरिकन प्रवाशांचे ठसे घेण्याचा आदेश काढून परतफेड केली होती. जपानने मे २००६ मध्ये आपला इमिग्रेशन कायदा बदलला आणि २० नोव्हेंबर २००७ ला यंत्रे सुरू झाली.

खरा वाद सवलत कुणाला द्यायची यावरून झाला आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. सोळा वर्षांखालची मुले, राजनैतिक अधिकारी, सरकारचे पाहुणे आणि ‘विशेष कायमचे रहिवासी’ यांना वगळले गेले. ‘विशेष कायमचे रहिवासी’ म्हणजे १९५२ मध्ये नागरिकत्व गमावलेले कोरियन, तैवानी आणि त्यांचे वंशज. त्यांना वगळणे योग्यच होते, त्यांनी ते मिळवलेलेही होते. पण साधा पीआर असलेला माणूस चार दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाच्या गटात टाकला गेला. १९९३ च्या बदलात या दोन्ही प्रकारच्या रहिवाशांचे ठसे एकाच वेळी बंद झाले होते. २००७ मध्ये त्यांच्यातल्या एकालाच पुन्हा यंत्रापुढे उभे केले. पीआर मिळवायला सर्वसाधारणपणे दहा वर्षांचे वास्तव्य लागते. त्या काळातला कर, नोकरी, हमी देणारा माणूस, पोलिसांकडची नोंद हे सगळे सरकारने तपासलेले असते. एवढे तपासून परवाना दिलेला माणूस आईच्या आजारपणाला भारतात जाऊन आला की पुन्हा संशयित का होतो, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात कुठेही आलेले नाही.

सरकारचे म्हणणे दहशतवादाचे होते. ठसा तिथल्या तिथे हद्दपार झालेल्यांच्या आणि हव्या असलेल्यांच्या यादीशी ताडून पाहिला जातो. १९५५ चा ठसा नोंदणीतला माणूस तोच आहे का हे पाहण्यासाठी होता, २००७ चा ठसा गुन्हेगारांच्या यादीत शोध घेण्यासाठी आहे, आणि परक्याला आधी संशयाने पाहण्याची दृष्टी यात अधिक उघड आहे. १९९५ मध्ये तोक्योच्या मेट्रोत विषारी वायू सोडणारे एका पंथाचे लोक जपानीच होते, ही आठवण विरोधकांनी वारंवार करून दिली. यंत्रे सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी खुद्द कायदामंत्र्यांनी आपल्या मित्राचा मित्र अल कायदाचा असल्याचे सांगून या योजनेचे समर्थन केले आणि मग त्यांना खुलासे करत फिरावे लागले. २००९ च्या सुरुवातीला तर हद्दपार केलेली एक बाई बोटांना खास पट्टी लावून यंत्र चुकवून आत आल्याची बातमी आली.

पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त बोलले गेले ते रांगांबद्दल. नवरा भारतीय, बायको आणि मुले जपानी, अशा कुटुंबांची इमिग्रेशनला ताटातूट होऊ लागली. तक्रारींनंतर परतणाऱ्या रहिवाशांसाठी रांगांची वेगळी सोय झाली. नारिताला आधी ठसे नोंदवून स्वयंचलित गेटने जाण्याची मुभा पहिल्या दिवसापासून होती. रांग सुधारली की राग ओसरतो, आणि इथे तेच झाले. शिवाय या विरोधाचा चाळीस वर्षांचा अनुभव असलेला समाज सवलतीत गेल्याने नव्याने आलेल्या पीआरधारकांची बाजू मांडणारे थोडेच उरले. मतदानाचा हक्क नसलेल्यांची तक्रार संसदेत नेणार कोण? २०१९ मध्ये एदोगावाच्या सभागृहात मूळ पुण्याचे एक गृहस्थ निवडून आले, पण त्यासाठी जपानी नागरिकत्व घ्यावे लागते.

इतरत्रही रेषा निरनिराळ्या ठिकाणी ओढल्या गेल्या. अमेरिकेने जानेवारी २००९ पासून ग्रीनकार्डधारकांनाही यात ओढले. जपानमधल्या आपल्या लोकांसाठी झगडणाऱ्या दक्षिण कोरियाने २०१२ पासून सतरा वर्षांवरच्या परदेशी पाहुण्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. युरोपमध्ये १२ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेल्या, सीमेवर परदेशी प्रवाशांचे ठसे घेण्याच्या नव्या पद्धतीत मात्र तिथला निवास परवाना असलेल्यांना वगळले आहे. जपानमध्ये २००७ साली हेच करता आले असते.

भारतात ई-व्हिसावर येणाऱ्या परदेशी प्रवाशाचे ठसे विमानतळावर घेतले जातात. परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे रद्द करणारा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. आता आपले नागरिकही ठसे देऊ लागले आहेत. झटपट इमिग्रेशनची योजना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर आली. त्यात नाव नोंदवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या प्रवाशाला बोटे आणि चेहरा दोन्ही द्यावे लागतात. ही नोंदणी ऐच्छिक आहे, आणि ती नको असेल त्याला आजही साध्या काउंटरवरून शिक्का मारून जाता येते.