सायकलचं हेल्मेट घेताना आतलं लेबल आधी वाचा

“आयएसआय शिक्का आहे का?” हा आमच्या दुकानातल्या काउंटरवरचा नेहमीचा प्रश्न. आयएसआयमधलं आयएस ४१५१ हे मानक स्कूटर-मोटरसायकलच्या हेल्मेटचं आहे. सायकलच्या हेल्मेटमध्ये दोनपैकी एक नाव शोधा: युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी. नुसतं ‘सीई’ ही युरोपची खूण पुरेशी नाही, ती अक्षरं खेळण्यांवरही असतात. मानकाचा क्रमांक हवा. ईएन १०७८ च्या लेबलवर डोक्याचा घेर, वजन आणि बनवल्याचं वर्ष व तिमाहीही असते. आणि हो, हे हेल्मेट घालून मोपेड चालवू नका. ते त्यासाठी नाही.

ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेटमध्ये धातूचं डोकं बसवून ते सपाट पोलादी ठोकळ्यावर आदळवतात. वेग सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडणं. आतल्या डोक्याला बसणारा झटका २५० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहावा लागतो. फुटपाथच्या कडेसारख्या ठोकळ्यावर वेग ४.५७ मीटर. सीपीएससीत सपाट ठोकळ्यावर २ मीटरवरून पाडतात, पण मर्यादा ३०० जी. एकात उंची जास्त, दुसऱ्यात मर्यादा कडक. आमच्या मते दोन्ही चालतील. मात्र ही चाचणी सायकलवरून डोकं रस्त्यावर आपटण्याची आहे. पन्हाळ्याच्या उतारावर सुसाट येऊन समोरच्या गाडीवर धडकण्याची नाही.

तिरक्या आघाताने डोकं गरकन फिरतं, ते या दोन्ही चाचण्यांत मोजलं जात नाही. मिप्ससारखा सरकता थर त्यासाठीच असतो. बजेट असेल तर घ्या, पण आधी माप जुळवा. सैल मिप्सपेक्षा घट्ट बसणारं साधं हेल्मेट बरं.

मापासाठी भुवयांच्या दोन सेंटिमीटर वरून टेप गुंडाळा. हेल्मेट आडवं बसवा, पुढची कड भुवईपासून दोन बोटांवर. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट रंकाळ्यावर सकाळी हमखास दिसतं. समोर पडलात तर ते काही उपयोगाचं नाही. मागची चकती फिरवून आवळा, मग पट्टा न लावता मान हलवा. हेल्मेट घसरलं तर माप चुकलं. पट्ट्यांचा ‘व्ही’ कानाखाली जुळावा, हनुवटीखाली एक-दोन बोटं जावीत, जास्त नाही. आत जाड टोपी नको.

आतला थर्माकोलसारखा ईपीएस फोम चिरडून धक्का शोषतो आणि पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. सेकंड-हँड घेऊ नका, त्याचा इतिहास कोणालाच दिसत नाही. पेट्रोल, थिनर, स्प्रे पेंट यांनी फोम विरघळतो. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात पॅड काढून वाळवा, नाहीतर बुरशी धरते. धड असलं तरी पाच ते दहा वर्षांत बदलावं.

लहान मुलांनी सायकलवरून उतरल्यावर हेल्मेट काढलंच पाहिजे. घसरगुंडीत किंवा झाडावर ते अडकलं तर पट्टा गळ्याला फास बनतो. अशा खेळासाठी ईएन १०८० मानकाची, ताण आल्यावर आपोआप सुटणारी बकलची हेल्मेट वेगळी असतात.

जुनं हेल्मेट आणलंत तरी पट्ट्या बसवून देतो, पैसे घेत नाही.