काचमण्यांवरची धातूची झाक : मेटॅलिक फ्रिटची पार्श्वभूमी

सळईवर फिरणारा मणी केशरी तापला की चमचाभर फ्रिटमध्ये, म्हणजे रंगीत काचेच्या भरडीत, लोळवायचा आणि कण चिकटले की परत ज्योतीत धरायचा. कण वितळतात, पृष्ठभागात मुरतात. इथवर धातूचा मागमूसही नसतो. दिसतात ते तपकिरी, मळकट पिवळे, बाटलीहिरवे ठिपके. मग मणी ज्योतीबाहेर काढून त्याची लाली उतरू द्यायची, ऑक्सिजन जरा कमी करायचा आणि फुगलेल्या पिवळसर ज्योतीत मणी दोन-चार सेकंद फिरवून घ्यायचा. त्याच मळकट ठिपक्यांवर चांदी चढते, कुठे पोलादी निळा, कुठे तेलाच्या तवंगासारखी जांभळी-हिरवी झाक. आणखी दहा सेकंद धरलात तर सगळ्याची राखाडी कळा होते. ऑक्सिजन वाढवून पुन्हा तापवलं तर झाक उडून जाते आणि खेळ पहिल्यापासून सुरू.

म्हणजे या फ्रिटमध्ये धातूची पूड नसते. चांदी किंवा तांबं काचेत आयनांच्या रूपात विरघळलेलं असतं. ऑक्सिजनला भुकेलेली ज्योत त्या आयनांचं क्षपण करते, धातू अणूंच्या रूपात पृष्ठभागावर येतो आणि आरशासारखा पातळ थर धरतो. ‘मेटॅलिक’ या एकाच शब्दाखाली बाजारात आणखीही गोष्टी खपतात. निर्वात पोकळीत ऑक्साइडांचे अतिसूक्ष्म थर चढवलेली डायक्रोइक काच त्यातली एक. तिचा ज्योतीतल्या क्षपणाशी काही संबंध नाही. ‘राकू’ नावाने ओळखली जाणारी फ्रिटही याच रांगेत ठेवलेली असते. तिचे रंग मणी थंड करून पुन्हा तापवण्याने उमलतात, आणि जपानी मातीकामाशी तिचं नातं नावापुरतंच आहे.

‘फ्रिट’ या शब्दाचा प्रवास तर याहून वाकडा. मूळ इटालियन ‘फ्रित्ता’, म्हणजे तळलेली. १६१२ साली फ्लोरेन्समध्ये काच बनवण्यावरचं पहिलं छापील पुस्तक निघालं, त्यात हा शब्द वाळू आणि वनस्पतींची राख एकत्र भाजून केलेल्या कच्च्या मालासाठी आहे. म्हणजे फ्रिट ही काच होण्याआधीची पायरी होती. आज ती काच होऊन गेल्यानंतरची भरड आहे. कुंभारकामात फ्रिट म्हणजे ग्लेझसाठी वितळवून, पाण्यात विझवून दळलेली काच. पुरातत्त्वाच्या लेखनात प्राचीन इजिप्तच्या निळ्या रंगद्रव्यालाही फ्रिट म्हणतात, आणि प्रयोगशाळेतल्या गाळणीतली सच्छिद्र काचेची चकतीही ‘फ्रिटेड’च. जुन्या ग्रंथातला फ्रिटचा उल्लेख पाहून ‘मण्यांवर फ्रिट चारशे वर्षांपासून वापरतात’ असं लिहिणारे अधूनमधून भेटतात, त्यांची गल्लत इथे होते.

क्षपणाची युक्ती मात्र खरोखर जुनी. आठव्या शतकात इजिप्त आणि सीरियात काचेच्या भांड्यांवर चांदी-तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढून धुरकट भट्टीत भाजत. नवव्या शतकात इराकमधल्या मातीच्या भांड्यांवर तीच चमक दिसते. सतराव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर अ‍ॅव्हेंच्युरीन आलं. काचेच्या आत तांब्याचे चपटे, चमचमते स्फटिक. कोणाच्या तरी हातून तांब्याचा चुरा वितळत्या काचेत सांडला आणि योगायोगाने ही काच सापडली, असं सांगतात. नावही योगायोगाच्या शब्दावरूनच पडलं. गोष्ट गोड आहे, पण ज्या काचेला बंद भट्टीत फार सावकाश थंड करावं लागतं ती सांडलवंडीतून जन्मली यावर माझा तरी विश्वास नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बोहेमिया आणि अमेरिकेत मोरपंखी झळाळीच्या फुलदाण्यांची लाट आली, तिच्यात तापलेल्या काचेवर कथिलाच्या क्लोराइडची वाफ सोडण्याची पद्धत रुळली.

आजच्या मण्यांवर जे दिसतं त्याची मुळं यांतल्या कशातही थेट नाहीत. ती १९६२ नंतरच्या काळात आहेत. त्या वर्षी अमेरिकेतल्या टोलेडोत एका संग्रहालयाच्या आवारात छोटी भट्टी उभारून दोन कार्यशाळा झाल्या, आणि काच कारखान्यातून बाहेर पडून एकट्या कलावंताच्या हाती आली. एकट्या माणसाला पारदर्शक काच वितळवणं जमतं; चाळीस रंगांच्या चाळीस कढया सांभाळणं जमत नाही. त्यामुळे तयार रंगीत कांड्यांना मागणी आली. जर्मनीतल्या कारखान्यांनी ती पुरवली. या कांड्यांत रंग मुद्दाम गडद ठेवलेला असतो, कारण फुंकलेल्या भांड्यावर त्याचा थर पातळ पसरतो. त्याच कांड्या फोडून, चाळून केलेली भरड म्हणजे भट्टीवाल्यांची फ्रिट. मोठ्या गोळ्यावर एका वळशात रंग चढवण्यासाठी ती होती. मण्यांचा विचार तेव्हा कोणाच्याही डोक्यात नव्हता.

१९९० च्या दशकात टेबलावरच्या टॉर्चवर मणी करणाऱ्यांची संख्या वाढली. त्यांच्या काड्या बहुतेक मुरानोच्या धाटणीच्या मऊ काचेच्या. रंग सुरेख, पण चांदीची झाक हवी तर चांदीचा वर्ख लावण्यापलीकडे फारसं काही हाताशी नव्हतं. भट्टीवाल्यांच्या डब्यातली चिमूटभर फ्रिट कोणीतरी मण्यावर लावून पाहिली, आणि पाहता पाहता चार-पाच रंगांची मिश्रणं पाकिटांत विकली जाऊ लागली. इथूनच भांडण सुरू झालं.

भांडण एका आकड्याचं होतं. मुरानोच्या काचेचा औष्णिक प्रसरणांक १०४ सांगतात, भट्टीच्या रंगांचा ९६. हा आकडा दर अंश सेल्सिअसला एक कोटीत किती भाग प्रसरण होतं ते दाखवतो. ‘आकडे वेगळे तर काचा एकत्र करायच्या नाहीत’ हा धडा प्रत्येक शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी मिळतो, आणि बोरोसिलिकेट या उष्णता सोसणाऱ्या कडक काचेच्या बाबतीत तो निर्विवाद आहे. तिचा आकडा ३३; ३३ आणि १०४ यांची जोडी फुटणारच. पण ९६ आणि १०४?

हिशेब मांडून पाहू. १५ मिलिमीटरचा मणी ५०० अंशांवरून २० अंशांवर येताना, प्रसरणांक सगळीकडे सारखाच धरला तर, १०४ ची काच सुमारे ०.०७५ मिलिमीटर आक्रसते आणि ९६ ची ०.०६९. फरक सहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा-बारावा भाग. ऐकायला क्षुल्लक, पण काचेला ताण सोसत नाही म्हणून क्षुल्लक नाही. शुद्धतावाद्यांचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते चूक नव्हतं. विकलेला मणी सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या गळ्यात तडकला तर पाकीट विकणारा उत्तर द्यायला येत नाही, हेही त्यांचं बरोबर.

तरी माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण फरक कोणत्या दिशेने आहे हे पहिल्या बाजूने फारसं पाहिलंच नाही. पृष्ठभागावर ९६ चा विरळ शिडकावा आणि आत १०४ चा गाभा असेल तर थंड होताना गाभा जास्त आक्रसतो आणि वरचे कण दाबाखाली येतात. दाब काचेला सोसतो. सोसत नाही ती ओढ. आता तीच फ्रिट भरपूर लावून वर १०४ च्या पारदर्शक काचेचं जाड वेष्टण चढवा. बाहेरचं वेष्टण आतल्यापेक्षा जास्त आक्रसू पाहतं, आतला थर त्याला आक्रसू देत नाही, आणि ओढ नेमकी बाहेरच्या कातडीवर येते. तडा तिथेच जातो. ‘थोडी लावा, वर ठेवा, झाकू नका’ हा जो नियम हळूहळू रूढ झाला तो अंधश्रद्धा नव्हता. प्रमाण किती, यावर एकमत कधीच झालं नाही. कोणी मण्याच्या पाच टक्के सांगतं, कोणी दहा, आणि टक्के वजनाचे की पृष्ठभागाचे हे दोघंही सांगत नाहीत.

आकड्याविषयीची दुसरी तक्रार काचेचे तुकडे एकमेकांत वितळवून जोडण्याच्या भट्ट्यांसाठी काच करणाऱ्यांकडून आली, आणि ती जास्त मूलगामी होती. प्रसरणांक ठरावीक तापमानांच्या पट्ट्यात मोजतात, बहुधा ३०० अंशांपर्यंत. काच घट्ट होते ती त्याच्या बरीच वर. तिथे काच किती दाट आहे, कोणत्या तापमानाला वाहायची थांबते, याचाही वाटा असतो. त्यामुळे सारख्या आकड्याच्या दोन काचा एकमेकींशी भांडू शकतात आणि वेगळ्या आकड्याच्या नांदू शकतात. शिवाय ‘९६’ हे लेबल सगळ्या भट्टी-रंगांवर असलं तरी प्रत्येक रंगाची रचना निराळी.

२००० नंतरच्या दशकात १०४ च्या काचेतच चांदी विरघळवलेल्या काड्या आणि त्यांची फ्रिट आली. महाग होती, पण झाकता येत होती. वाद त्यामुळे मिटला नाही, नुसता थंडावला. जर्मन भरड आजही मण्यांवर लागते आहे.

ताण तपासायची सोपी रीत म्हणजे आडव्या-उभ्या धरलेल्या दोन ध्रुवीकारक फिल्म. मधे मणी ठेवून उजेडाकडे धरला की ताणाच्या जागी कणाभोवती पांढुरकं वलय उजळतं. पण त्यासाठी उजेड आरपार जायला हवा, आणि झाक चढलेला कण आरशासारखा असतो, उजेड अडवतो. म्हणून चाचणीसाठीचा मणी पारदर्शक काचेचा करतात, त्यावर एका जागी फ्रिट जाड लावतात, अनीलिंग, म्हणजे भट्टीत सावकाश थंड करणं, नेहमीसारखंच करतात आणि कणाकडे नाही, त्याच्या कडेच्या स्वच्छ काचेकडे बघतात.