रानपिंगळा

मध्य भारतातील पानगळीच्या, विशेषतः सागाच्या जंगलांत आढळणारे छोटे घुबड. लांबी सुमारे २३ सेंमी. गावातल्या वडा-चिंचेवर दिसणारा ठिपकेवाला पिंगळा वेगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नसतात, छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो, पोटाचा मधला भाग पांढरा आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

१८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधील बसना परिसरात हा पक्षी मिळाला आणि ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी कोणाच्या हाती लागला नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीला एक मिळाल्याची नोंद केली होती, पण ती थाप होती. संग्रहालयातला डेव्हिडसन यांचाच भरलेल्या पक्ष्याचा नमुना चोरून, उसवून, पुन्हा भरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. या खोट्या चिठ्ठीपायी नंतरचा शोध भलत्याच ठिकाणी भरकटला. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी ही लबाडी उघड केली. मग डेव्हिडसन यांच्या जुन्या मुलखाचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट शहाद्याजवळ पोचले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा दिसला, आणि तोही भरदिवसा.

कारण घुबड असूनही हा दिनचर आहे. सकाळच्या उन्हात निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो, शेपटी झटकत खाली पाहत राहतो आणि सरडा, सापसुरळी, उंदीर किंवा नाकतोडा दिसला की झडप घालतो. घरटे झाडाच्या ढोलीत. तोरणमाळच्या अभ्यासात नराने स्वतःचीच पिल्ले खाल्ल्याचेही आढळले.

तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार येथे तो नंतर सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या अभयारण्यातही! २०१८ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ गणला जातो, तरी प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. वनजमिनीवरची शेती आणि लाकूडतोड हे मुख्य धोके. त्यातही ढोलीची जुनी झाडे गेली की घरट्याची जागाच जाते. भर म्हणून जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची शिकार. पहाटे दारी येणाऱ्या पिंगळा जोशाला या पाखरांची भाषा कळते असे मानणाऱ्या समाजात हेही चालते.